दुखणं एक, झीज दुसरी

गुडघ्याचं दुखणं घेऊन येणाऱ्या माणसाच्या हातात हल्ली तीन वस्तू असतात. कॅरीबॅगेत सुरळी केलेली एक्स-रेची फिल्म, 'वंगण वाढवणाऱ्या' गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी आणि भाच्यानं किंवा शेजाऱ्यानं मोबाइलवर पाठवलेला एक व्हिडिओ. व्हिडिओत पांढरा कोट घातलेलं कोणीतरी सांगत असतं, की तुमच्याच रक्तातलं, चरबीतलं किंवा हाडाच्या मगजातलं काढून सांध्यात टोचलं की झिजलेली गादी पुन्हा भरून येते. ऑपरेशन नको, टाके नकोत, संध्याकाळी घरी. मग प्रश्न येतो : "डॉक्टर, वाट्या नाही बदलायच्या मला. ते स्टेम सेलचं इंजेक्शन तुम्ही देता का?"

दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न कधीमधी यायचा. आता तो आला नाही असा दिवस आठवत नाही. त्याला 'हो' म्हणणारे पुष्कळ आहेत. 'सगळं थोतांड आहे' म्हणून रुग्णाला वाटेला लावणारे माझ्या पिढीतले सर्जनही पुष्कळ आहेत, आणि बरीच वर्षं मी त्यांच्यातलाच एक होतो. दोन्ही उत्तरं एका वाक्यात संपतात, हाच त्यांचा मोठा गुण. या पुस्तकाचे लेखक अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, पेशींवर काम करणारे संशोधक आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत. ते तिसरं उत्तर शोधायला बसले आणि त्याचं पुस्तक झालं. वाचकाला आत नेऊन ओटीवर बसवायचं आणि घरात खोल्या कुठे कुठे आहेत ते सांगायचं, एवढंच प्रस्तावनाकार म्हणून माझं काम.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण सगळ्याच सांधेदुखीला 'संधिवात' म्हणतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात वेगळा. या पुस्तकाचा विषय आहे ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला घरोघरी 'गुडघ्यांची झीज' म्हणतात तो आजार, आणि तोही त्याच्या पहिल्या टप्प्यांतला. 'झीज' हा शब्द सोपा आहे, पण त्यानं आपली बरीच दिशाभूल केली आहे. गाडीचा टायर झिजतो तसा सांधा झिजत असता, तर चालणं बंद करणं हाच उपाय ठरला असता. प्रत्यक्षात बसून राहिलेल्याचा गुडघा आणखी आखडतो. या आजारात हाडांच्या टोकांवरची कूर्चा विरळ होते, तिच्याखालचं हाड टणक होतं, कडेला हाडाची टोकं फुटतात, सांध्याचं आतलं अस्तर सुजतं आणि मांडीचा स्नायू रोडावतो. आजार अख्ख्या सांध्याचा असतो. 'गादी गेली' हा त्यातला फक्त डोळ्यांना दिसणारा भाग.

ही गादी म्हणजे काय, हे सामिष खाणाऱ्यांना सांगायला नको. कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला जे पांढरं, निळसर झाक असलेलं गुळगुळीत टोपण असतं, ती कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात ती जेमतेम काही मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, उचललं की फुगते, आणि या दाबण्या-फुगण्यातून सांध्यातल्या द्रवातलं पोषण तिच्यात झिरपतं. तिच्यात पेशी फार थोड्या, शंभर भागांत दोन-चार भाग. बाकी सगळा कोलॅजनचा ताणा आणि त्यात पाणी धरून ठेवणारे रेणू.

हा ताणा किती चिवट आणि किती हट्टी, हे एका विलक्षण प्रयोगातून कळलं. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि अन्नातून तो जगातल्या प्रत्येकाच्या शरीरात शिरला. त्या कार्बनचा माग काढत डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की कूर्चेतलं कोलॅजन वाढीच्या वयात एकदा विणलं जातं आणि पुढे जवळजवळ बदललंच जात नाही. निरोगी गुडघ्यात नाही आणि आजारी गुडघ्यातही नाही. साठीतला माणूस शाळेत असताना विणलेल्या कापडावर चालत असतो. १७४३ साली विल्यम हंटरनं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि एकदा नासलेली कूर्चा पुन्हा भरत नाही, असा निर्वाळा दिला. पावणेतीनशे वर्षांनी अणुबाँबच्या राखेनं त्याच्या म्हणण्यावर शिक्का मारला.

मज्जातंतू नाहीत, ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो. ज्या कूर्चेत संवेदनाच नाही ती दुखणार कशी? दुखतं ते खालचं हाड, सुजलेलं अस्तर, ताणलेलं आवरण. म्हणूनच एक्स-रेवर भयंकर दिसणारा गुडघा घेऊन एखादी आजी पंढरीची वारी करते, आणि जवळजवळ स्वच्छ फिल्म असलेला पंचेचाळिशीचा बँक कर्मचारी जिना चढताना कळवळतो. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रेवरून आजाराच्या ० ते ४ अशा पायऱ्या ठरवल्या. त्याच पायऱ्या आजही जगभर वापरात आहेत, पण त्या मोजतात झीज. दुखणं त्या पायऱ्यांनी चढत नाही. दुखणं एक आणि झीज दुसरी, ही या पुस्तकाची किल्ली आहे. ती हातात ठेवली तर पुढचे बरेचसे गोंधळ उलगडतात.

आता आकड्यांकडे. २०२० साली जगात ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेले सुमारे ५९ कोटी ५० लाख लोक होते. भारतात १९९० साली हा आकडा सुमारे २ कोटी ३५ लाख होता, २०१९ साली तो ६ कोटी २३ लाखांवर गेला. आयुष्य वाढलं, वजनं वाढली आणि गुडघ्यांना दोन्हींचा भार आला. या रुग्णांसाठी आमच्या पेटीत आजवर दोन टोकांची हत्यारं होती. एका टोकाला वेदनाशामक गोळी, दुसऱ्या टोकाला कृत्रिम सांधा. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, आणि तोवर श्रीमंतांची मानली जाणारी ही शस्त्रक्रिया गावोगाव बोलली जाऊ लागली. ती उत्तम शस्त्रक्रिया आहे. बहुतेक कृत्रिम गुडघे वीस-पंचवीस वर्षं टिकतात. पण पंचेचाळिशीतल्या, पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच्या माणसाला ती करायची नसते. त्याला मधली वीस वर्षं काढायची असतात. या वीस वर्षांची बाजारपेठ केवढी मोठी आहे, हे वैज्ञानिकांना कळलं तसंच व्यापाऱ्यांनाही कळलं.

या मधल्या पट्ट्यात तीन प्रवाह येऊन मिळाले आहेत. त्यांची उगमस्थानं वेगळी आहेत, हे लक्षात न घेतल्यामुळेच 'स्टेम सेलचं इंजेक्शन' हा एकच शब्द सगळ्याला चिकटला.

पहिला प्रवाह सर्जनांचा. १९५९ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या प्रिडी यांनी उघड्या पडलेल्या हाडाला भोकं पाडून खालचं रक्त वर येऊ दिलं. पुढे अमेरिकेत कोलोराडोच्या स्टेडमन यांनी दुर्बिणीतून बारीक टोचे मारायची पद्धत रूढ केली. रक्तासोबत मज्जेतल्या पेशी येतात आणि खड्डा भरतो, पण भरतो तो हलक्या प्रतीच्या, तंतुमय कूर्चेनं. १९९४ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी रुग्णाच्याच कूर्चेचा कण काढला, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि परत खड्ड्यात बसवल्या. हाडांच्या शस्त्रक्रियेत पेशी 'पेरण्याचा' जमाना इथून सुरू झाला. भारतात मुंबईच्या एका कंपनीच्या अशाच उत्पादनाला २०१७ साली औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. मात्र हा उपाय खड्ड्याचा आहे. चांगल्या रस्त्यावर एक खड्डा पडला असेल तर तो बुजवता येतो, आणि खेळताना जखमी झालेल्या तरुण गुडघ्यात तसंच असतं. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सगळा रस्ताच उखडत चाललेला असतो. पावसाळ्यात महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याला हा फरक अधिक सांगायला नको.

दुसरा प्रवाह पेशीशास्त्राचा, आणि तो मॉस्कोतून येतो. १९६०-७० च्या दशकांत अलेक्झांडर फ्रिडनश्टाइन यांना अस्थिमज्जेत काही वेगळ्या पेशी आढळल्या. काचेच्या तळाला चिकटून त्यांच्या वसाहती होत, आणि त्या दुसरीकडे रुजवल्या तर हाड तयार करत. १९९१ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या आर्नल्ड कॅप्लान यांनी त्यांना 'मेझेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिलं. हाड, कूर्चा, चरबी असं काहीही होऊ शकणारी ही मूलपेशी. कल्पना मोठी मोहक होती. बीज टाकायचं आणि हवं ते पीक घ्यायचं. पुढे अशा पेशी चरबीत सापडल्या, नाळेत सापडल्या, सांध्याच्या अस्तरातही सापडल्या. कुणीही कशालाही मूलपेशी म्हणू लागलं, तेव्हा २००६ साली या शाखेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला निकष ठरवून द्यावे लागले.

आणि मग या गोष्टीला कलाटणी मिळाली. सांध्यात टोचलेल्या या पेशी तिथे मुक्काम करतच नाहीत, थोड्याच काळात बहुतेक नाहीशा होतात. नवी कूर्चा विणायला त्या थांबत नाहीत. पण जाण्यापूर्वी त्या भोवतालच्या पेशींना रासायनिक निरोप देतात, दाह निवळवणारे आणि डागडुजीला चालना देणारे. २०१७ साली खुद्द कॅप्लान यांनीच लेख लिहून विनंती केली, की मी दिलेलं नाव बदला. त्यांनी सुचवलेल्या नव्या नावाचा अर्थ होता 'औषधी निरोप देणाऱ्या पेशी'. आपल्याच नावाजलेल्या शब्दाला इतक्या उघडपणे माघारी बोलावणारे शास्त्रज्ञ थोडे. गवंडी म्हणून बोलावलेला माणूस पोस्टमन निघाला, असं आमच्यातला एकजण म्हणतो. वैज्ञानिकांनी हा बदल मान्य करून आता बराच काळ लोटला. जाहिरातीत मात्र अजून गवंडीच आहे.

तिसरा प्रवाह वाढीच्या घटकांचा, म्हणजे 'ग्रोथ फॅक्टर'चा. पेशींनी पाठवायचे निरोप जर रेणूंच्या रूपात असतील, तर पेशी वगळून थेट रेणूच का देऊ नयेत? मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवलं होतं, की खनिज काढून टाकलेल्या हाडाच्या तुकड्यातही नवं हाड घडवायची प्रेरणा शिल्लक असते. वाढीच्या घटकांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल मिळालं. या शाखेचं घराघरांत पोचलेलं रूप म्हणजे पीआरपी. डेंग्यूमुळे 'प्लेटलेट' हा शब्द सगळ्यांना पाठ झाला आहे. रक्त गोठवणाऱ्या याच कणांच्या पोटात वाढीच्या घटकांच्या पिशव्या असतात. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, प्लेटलेट एकवटलेला पिवळसर द्रव घ्यायचा आणि गुडघ्यात टोचायचा. स्वस्त, स्वतःचंच, धोका कमी. पण गोडा मसाला म्हटलं तरी प्रत्येक घरचा वेगळा, तसं पीआरपीचं आहे. किती प्लेटलेट, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, एकदा की तीनदा, यांवर एकमत नाही. दोन अभ्यासांची तुलना करायला जावं तर दोन वेगळी औषधं समोर येतात.

इथपर्यंतचा इतिहास रंजक आहे. पण वाचकाला हवं असतं ते पुढचंच : गुण येतो का? इथे आपली किल्ली काढू.

ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर पीआरपीची चाचणी झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष आले. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय टोचलं ते रुग्णाला ठाऊक नाही. वर्षानंतर दोन्ही गटांचं दुखणं कमी झालेलं होतं, आणि जवळजवळ सारखंच. त्याआधी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये दोन्ही गुडघे दुखणाऱ्या २५ जणांच्या एका गुडघ्यात अस्थिमज्जेचा अर्क आणि दुसऱ्यात मिठाचं पाणी टोचलं गेलं. दोन्ही गुडघे सुधारले. उलट बाजूला चंडीगडच्या डॉक्टरांनी २०१३ साली ७८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात पीआरपी मिठाच्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं होतं, मात्र सहा महिन्यांनंतर गुण ओसरू लागला होता. मिठाच्या पाण्यानं बरं वाटलं म्हणजे रुग्ण खोटं बोलत होते, असं कुणी समजू नये. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेवरून ते बहुधा खाली उतरतंच. त्यात कुणीतरी आपल्या गुडघ्याकडे गांभीर्यानं पाहिलं याचाही गुण असतो. पण ज्याची किंमत मोजायची ते औषध या सगळ्यावर मात करणारं हवं.

आता वाढीचे घटक. स्प्रिफर्मिन नावाचा प्रयोगशाळेत घडवलेला घटक ५४९ रुग्णांवर तपासला गेला आणि निष्कर्ष २०१९ साली आले. सर्वांत मोठ्या मात्रेत कूर्चेची जाडी दोन वर्षांत सरासरी ०.०५ मिलिमीटरनं वाढली, तर मिठाच्या पाण्याच्या गटात ती किंचित घटली. हंटरच्या निर्वाळ्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी माणसाच्या गुडघ्यात कूर्चा औषधानं वाढली, ही लहान गोष्ट नव्हे. पण दुखण्यात दोन्ही गटांमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. झीज हलली आणि दुखणं तिथेच.

याची उलटी बाजू तर अंगावर काटा आणणारी आहे. मज्जातंतूंच्या वाढीच्या घटकाला अडवणारं टॅनेझुमॅब नावाचं औषध आलं. दुखणं कमी झालं, पण काही रुग्णांचा सांधा झपाट्यानं ढासळू लागला. २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी ते नाकारलं. दुखणं गेलं आणि झीज दौडत सुटली. दुखणं हा पहारेकरीही असतो, हे सर्जनला कळतं. त्याला गप्प करणाऱ्यांनी आधी घरात काय चाललंय ते पाहावं.

मूलपेशींचं चित्र धूसर आहे, तरी कोरं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४७५ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत तीन प्रकारच्या पेशी-उपचारांची तुलना साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी झाली. वर्षाअखेर एकही प्रकार सरस ठरला नाही. त्याच वर्षी भारतातल्या १४६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीनं अनेक दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या अडीच कोटी पेशी एकाच इंजेक्शनात देऊन ती घेतली होती. सहा आणि बारा महिन्यांनी दुखण्यात आणि हालचालीत, पेशी न दिलेल्या गटापेक्षा स्पष्ट सुधारणा दिसली. कूर्चा वाढली असा दावा नाही, ती खालावली नाही एवढं एमआरआयवर दिसलं. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या गुडघ्यांसाठी या उत्पादनाला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली आहे. चाचणी उत्पादकानंच घेतलेली आहे आणि स्वतंत्र संशोधकांनी ती पुन्हा करून पाहावी, असं मला वाटतं. पण 'भारतात कसलाच पुरावा नाही' हे माझं जुनं वाक्य मी मागे घेतलं ते या चाचणीमुळे. जगभरच्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या कोक्रेनच्या २०२५ सालच्या आढाव्याचा सूर असा, की मूलपेशींनी दुखणं थोडं कमी होत असावं, पण पुराव्याचा भरवसा कमी. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शिका तर आजही गुडघ्यासाठी पीआरपी आणि मूलपेशी दोन्हींच्या ठाम विरोधात आहे.

या शाखेनं एक फजितीही अनुभवली आहे. दक्षिण कोरियानं २०१७ साली इन्व्होसा या पेशी-औषधाला मान्यता दिली. वाढीचा घटक तयार करणाऱ्या कूर्चेच्या पेशी त्यात आहेत, असं कागदोपत्री होतं. २०१९ साली उघड झालं, की त्या पेशी मुळात मूत्रपिंडाच्या पेशींच्या वाणातल्या होत्या. मान्यता रद्द झाली. हजारो गुडघ्यांत इंजेक्शन गेल्यावर बाटलीत काय होतं ते कळलं.

बाटलीत काय आहे, हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच जिवंत आहे. दिवसाच्या दिवसात कंबरेच्या हाडातून मज्जा ओढून, फिरवून, परत टोचलेल्या द्रवालाही 'स्टेम सेल' म्हणून विकलं जातं. मज्जेतल्या लाखभर पेशींत खऱ्या अर्थानं ही मूलपेशी एक ते दहा एवढीच असते. प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवलेल्या कोट्यवधी पेशी आणि हा तासाभरातला अर्क यांना एकच नाव देणं म्हणजे केशर आणि करडईला एकच भाव लावणं. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांच्या फाइलीत तीन इंजेक्शनांची नोंद होती. पेशी कुठल्या, किती, जिवंत किती, यातलं काहीच नव्हतं. पावत्या मात्र तारीखवार नीट लावलेल्या होत्या.

कायदा काय म्हणतो, यावर पुस्तकात सविस्तर लेखन आहे आणि मला तो भाग सर्वांत उपयोगी वाटला. एकच गोष्ट सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ साली काढलेल्या मार्गदर्शिकेच्या नावात 'मूलपेशी संशोधन आणि उपचार' असे शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत 'उपचार' हा शब्द नावातून काढून टाकला. एक शब्द गाळून सरकारनं जेवढं सांगितलं, तेवढं मोठमोठ्या परिपत्रकांनीही सांगितलं नसतं. २०१९ च्या नियमांनी पेशींवर लक्षणीय प्रक्रिया करून केलेलं उत्पादन 'नवं औषध' ठरवलं, म्हणजे त्याला चाचणी आणि परवानगी बंधनकारक झाली. फारशी प्रक्रिया न केलेल्या अर्काचं काय, या फटीतून बराच व्यापार चालतो.

मग हे सगळं पहिल्या टप्प्यांवरच का? कारण या उपचारांना काही वाव असलाच तर तो तिथे आहे. कूर्चा शिल्लक असेल तर निरोप ऐकणारं कुणीतरी असतं. चौथ्या पायरीवर, हाडावर हाड घासत असताना, निरोप कुणाला द्यायचा? अडचण अशी, की पहिल्या टप्प्यातला माणूस दवाखान्यात येतच नाही. 'वयानं होतंय' म्हणून तो बाम चोळतो. कबड्डीत गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला पोरगा दोन वर्षांत सगळं विसरून जातो. अशा दुखापतीनंतर दहा-वीस वर्षांत निम्म्या गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस उभा राहतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रारही आहे, आणि ती लेखकांपेक्षा विषयाच्या मापट्याबद्दल आहे. या चाचण्यांत दुखणं बहुतेक वेळा २४ प्रश्नांच्या एका कॅनडियन प्रश्नावलीनं मोजतात. तीत मोजे चढवताना, मोटारीतून उतरताना, बाथटबमधून उठताना किती त्रास होतो, असं विचारलेलं असतं. आमच्या बाया विचारतात, "भात लावणीला वाकता येईल का? मांडी घालून पंगतीत बसता येईल का? परसाकडे उकिडवं बसता येईल का?" गुडघा पूर्ण दुमडण्याचं हे मोजमाप या उपचारांच्या हिशेबात फार कमी येतं. फिजिओथेरपीवरच्या प्रकरणात त्याला हात घातला आहे, याबद्दल लेखिकेचं कौतुक. वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, हे साधं गणितही तिथेच भेटेल. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम कुणी व्हिडिओत विकत नाही, म्हणून त्याला मान नाही. पण या पुस्तकातला एकही उपचार व्यायामाला पर्याय म्हणून पुढे येत नाही, सोबती म्हणूनच येतो.

वाचकानं या पानांकडून 'घ्यावं की घेऊ नये' असा शिक्का मागू नये. कुठल्या टप्प्यावरच्या गुडघ्यात, कुठल्या पेशी, किती, कुणाच्या परवानगीनं आणि कशासाठी, दुखण्यासाठी की झिजेसाठी, हे विचारायची ताकद इथे मिळेल. माझा स्वतःचा कौल आज असा आहे : मान्यताप्राप्त, मोजलेल्या पेशींचं इंजेक्शन दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या निवडक रुग्णाला, व्यायाम आणि वजन यांवर सहा महिने मनापासून काम केल्यावर, खर्च झेपत असेल तर द्यायला हरकत नाही. गादी वाढेल असं वचन देऊन दिलेलं कुठलंही इंजेक्शन मी आजही नाकारतो. आणि कुणी संशोधनाच्या नावाखाली पैसे मागत असेल तर सरळ उठून यावं. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

शेवटी डॉक्टरकडे जाणाऱ्यांना एक सांगणं. कॅरीबॅगेतली ती फिल्म बरोबर न्या, पण ती झोपवून काढलेली असेल तर दुसरी काढून घ्या. दोन्ही पायांवर भार देऊन, उभं राहून काढलेल्या एक्स-रेतच सांध्यातलं खरं अंतर दिसतं.